आवाज नसलेलं गाणं

तीन मिनिटांचं गाणं सीडीवर साधारण ३० मेगाबाइट जागा घेतं. त्याच गाण्याची चाल, ठेका आणि साथ मिडी फाइलमध्ये उतरवली, तर बहुतेक वेळा १०० किलोबाइटही लागत नाहीत. एवढी तफावत पडते, कारण मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. तिच्यात असतात त्या नुसत्या सूचना: अमुक क्षणी अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, अमुक क्षणी सोडली. सूचना ज्या वाद्याकडे जाईल ते वाद्य ती आपल्या आवाजात पाळतं. सतारीवर ऐकलेली चाल एकही सूर पुन्हा न वाजवता सनईवर ऐकता येते. रेकॉर्डिंग झाल्यावर गायिकेने पट्टी बदलून मागितली, काळी एक नको, पांढरी चार हवी म्हणाली, तर संगणक प्रत्येक सुराच्या आकड्यात चार मिळवतो आणि सगळा साज नव्या पट्टीत तयार होतो.

मुंबईत या कामाला लोअर परळमध्ये एक ठळक ठिकाण मिळालं. सेनापती बापट मार्गावरच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. लोकांना आठवतो तो तिथला रंगमंच आणि गोल कोंडाळ्यांसारख्या बैठका. पण त्याच प्रकल्पात ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओही होते, आणि तो उभारणाऱ्यांमध्ये आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार होते. ब्लू फ्रॉग २०१६ साली बंद झालं. त्याआधी, २०१३ साली, फाटक यांच्या पुढाकाराने सन मिलच्या आवारात ‘ट्रू स्कूल ऑफ म्युझिक’ उघडलं. गाणं आणि वाद्यवादन यांच्या जोडीला संगणकावर संगीत रचणं हाही तिथे रीतसर शिकण्याचा विषय होता.

गिरणीच्या आवारात हे शिक्षण दिलं जावं, यात मला मोठं औचित्य दिसतं. मिडी संपादनाचा जो पडदा विद्यार्थ्यांसमोर असतो, त्याचा पूर्वज कापडाच्या साच्यावरच आहे. फ्रान्सच्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी यंत्रणा सिद्ध केली. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथे खाली राही, आणि त्यातून कापडावर नक्षी उठे. १८४२ साली क्लोद फेलिक्स सेत्र या फ्रेंच माणसाने हीच युक्ती वाद्याला लावण्याचं पेटंट घेतलं. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एडविन व्होटीचा पियानोला आला. कागदाची गुंडाळी सरकत जाई, भोकातून हवा ओढली जाई आणि पियानोची पट्टी आपोआप दबे. १९०८ साली बफेलो शहरात उत्पादकांनी एकत्र बसून ८८ सुरांच्या आणि सव्वाअकरा इंच रुंदीच्या गुंडाळीवर एकमत केलं. आज क्युबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ यांपैकी काहीही उघडा, संपादनाच्या चौकटीला सर्रास पियानो रोलच म्हणतात. उभ्या दिशेने सूर, आडव्या दिशेने काळ, आणि भोकांच्या जागी रंगीत पट्ट्या. साचेखात्यात जॅकार्डवर काम केलेल्या कामगाराला तो पडदा दाखवला, तर तत्त्व समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

गिरण्या आणि यंत्रांवरचं संगीत, एक साल दोन्हीकडे येतं, ते १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी मुंबईत चरणजीत सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रोलँड कंपनीची तीन यंत्रं त्यांनी वापरली: ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भैरव आणि ललत त्या यंत्रावर शोभतील हे चरणजीत सिंग यांच्या कानाने ओळखलं. शिकागोत याच यंत्रावरून ॲसिड हाउस नावाचा प्रकार जन्मला आणि त्यातली गाजलेली पहिली तबकडी १९८७ साली आली, म्हणजे मुंबईच्या पाच वर्षं नंतर. चरणजीत सिंग यांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या जाणकारांनी चरणजीत सिंग यांना शोधून काढलं. २०१५ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. त्यांना त्यांचं श्रेय जिवंतपणी पाहायला मिळालं, ही समाधानाची गोष्ट आहे.

त्यांची यंत्रं एकमेकांशी जुळली, कारण ती एकाच कंपनीची होती. दुसऱ्या कंपनीचं वाद्य मध्ये आलं की संवाद तुटे. ही अडचण सोडवायला अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी पुढे आले. स्मिथ यांनी १९८१ साली सर्व वाद्यांसाठी एका समान भाषेचा प्रस्ताव मांडला आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात प्रोफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली गेली. एकावर वाजवलं, दुसरं बोललं. ही भाषा कोणीही फुकट वापरावी असं ठरलं. माझ्या मते मिडीच्या दीर्घायुष्याचं खरं कारण हे आहे. २०१३ साली दोघांनाही तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

भाषा अगदी आटोपशीर आहे. एक सूर वाजवायला तीन आकडे पुरतात. पहिला सांगतो की सूर सुरू झाला आणि तो १६ पैकी कोणत्या चॅनलवर. दुसरा सांगतो सूर कोणता. तिसरा सांगतो आघात किती जोराचा, आणि यालाच व्हेलॉसिटी म्हणतात. दुसरा आणि तिसरा आकडा ० ते १२७ मध्ये बसतो. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१. सेकंदाला ३१,२५० बिट्स या वेगाने एका सुराची सूचना जायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे दहाही बोटं एकदम टेकवली, तरी जुन्या केबलवर शेवटचा सूर पहिल्याच्या जवळजवळ नऊ मिलिसेकंद मागे असे.

खरी करामत संपादनात आहे. संगणक एका मात्रेचे ४८० किंवा ९६० भाग करतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ४८० पैकी एक भाग म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. वादकाचा प्रत्येक आघात इतक्या बारकाईने नोंदला जातो आणि प्रत्येक आघात हलवता येतो. सगळे आघात नेमक्या रेषेवर आणून बसवण्याच्या क्रियेला क्वांटाइझ म्हणतात. नवशिका प्रोग्रॅमर ती सरसकट करतो आणि ठेका निर्जीव होतो. भजनी ठेक्याचा डौल आणि लावणीतल्या ढोलकीची लग्गी रेषेच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडणाऱ्या थापांतून येते. म्हणून अनुभवी माणसं पूर्ण क्वांटाइझ न करता निम्मंशिम्मं करतात, म्हणजे आघात रेषेकडे सरकतो, पण तिच्यावर जाऊन बसत नाही. सम तेवढी पक्की धरतात आणि मधल्या थापा वादकाने वाजवल्या तशाच राहू देतात. जोराचंही तसंच. ढोलकीच्या सगळ्या थापा १०० या एकाच आकड्यावर असतील, तर कानाला लगेच खोटेपणा कळतो. चांगल्या ध्वनिसंचात एकाच बोलाचे हळू-जोरात वाजवलेले अनेक नमुने भरलेले असतात आणि व्हेलॉसिटी पाहून यंत्र त्यातला योग्य तो निवडतं.

रूपक तालाची अडचण वेगळीच. संगणकाचा क्लिक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठसठशीत वाजतो, कारण पाश्चात्त्य संगीतात जोर तिथेच असतो. रूपकाची पहिली मात्रा मात्र खाली. सात मात्रांचं माप घालून दिलं तरी क्लिक चुकीच्या जागी दणका देत राहतो. जाणता माणूस तो क्लिक बंद करून आधी रूपकाचा ठेकाच भरून घेतो आणि त्यावर पुढचं काम करतो.

लोअर परळच्या आसपास जाहिरात संस्थांची दाटी आहे, आणि जिंगलच्या कामात मिडीचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. १२० च्या लयीत ३० सेकंदांत ६० मात्रा, म्हणजे चार-चार मात्रांचे १५ खंड बसतात. चाल १६ खंडांची असेल तर लय १२८ केली की ती ३० सेकंदांत नेमकी मावते. पट्टी तसूभर हलत नाही, कारण बदलतो तो फक्त सूचनांमधला वेळ.

आता आपल्या संगीताच्या गाभ्याकडे येऊ. मिडीची मांडणी पियानोच्या बारा समान घरांची आहे. तानपुरा जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरलेला असतो. (दोन लगतच्या घरांतलं अंतर १०० सेंट.) तानपुऱ्यासोबत कीबोर्डचा गंधार वाजवला की हे अंतर कानाला बोचतं. इलाज पिच बेंडमध्ये आहे. सूर वाकवण्याच्या या सूचनेला १६,३८४ पायऱ्या आहेत आणि मध्य ८,१९२ वर. नेहमीच्या मांडणीत वर-खाली दोन-दोन घरं वाकवता येतात, म्हणजे एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या भागाइतकी. हिशोब केला तर स्वयंभू गंधारासाठी बेंड ७,६३१ वर ठेवावा लागतो. इतक्या बारीक पायऱ्या १९८३ सालच्या त्या भाषेत पहिल्यापासून होत्या. आपल्या कानाने त्या वापरायच्या होत्या.

मींडसुद्धा बेंडच्याच रेषेने काढतात. रिषभावरून गंधारावर जायचं तर दोन घरं पुरतात. पंचमावरून वरच्या षड्जापर्यंत ओढायचं तर आधी वाद्याला बेंडचा पल्ला वाढवायला सांगावं लागतं. रेषा सरळ काढली तर भोंगा वाजल्यासारखं वाटतं. गाणाऱ्याची मींड निघताना रेंगाळते, मध्ये वेग घेते आणि पोचताना अलगद टेकते, तेव्हा वळणही तसंच काढावं लागतं. दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन काढताना प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा थोडी वेगळी ठेवावी लागते. शिवाय बेंड लागतो तो सगळ्या चॅनलला. त्याच चॅनलवर षड्जाची साथ ठेवली असेल तर तीही वाकते, म्हणून दोन्ही वेगळ्या चॅनलवर घालावी लागतात. २०१८ साली एमपीई नावाची जोड मान्य झाली आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देण्याची रीत पक्की झाली.

वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंडेंनी बंदिशी कागदावर उतरवताना कणस्वर लहान अक्षरांत डोक्यावर लिहिला, सप्तकासाठी टिंबं दिली, मींडेसाठी कमान काढली. ते स्वरलेखन गुरूकडून शिकलेल्या माणसाच्या हाती जिवंत होतं. मिडीही स्वरलेखनच आहे, वाचणारं मात्र यंत्र. यंत्र स्वतःहून काहीच भरून काढत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यावरची जबाबदारी कितीतरी वाढते.

मिडीच्या वाद्यांच्या यादीतही आपल्या संगीताबद्दल परकेपणा होता. १९९१ साली जनरल मिडी म्हणून १२८ आवाजांची प्रमाण यादी ठरली. तिच्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर सनई आहे. तबला नाही, ढोलकी नाही. ही उणीव गिरणगावात वेगळ्या वाटेने भरून निघाली. रोलँडने १९८५ साली पॅड-८ हे वाद्य आणलं. आठ चौकोनी पॅड, प्रत्येकावरचा आघात एक मिडी सूर. त्याच्या वंशातला ऑक्टोपॅड मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत रुळला आणि लालबाग-परळच्या बेंजो पथकांतही. गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि भोवती ताशा-ढोल ही जुळणी इथल्या माणसाला पाठ आहे. बेंजोचा मूळ पुरुष म्हणजे १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेलं ताइशोगोतो. ऑक्टोपॅडही जपानीच. दोन्ही लालबागच्या रस्त्यावर इतकी मुरली की आगमनाची मिरवणूक त्यांच्याशिवाय सुनी वाटते. ऑक्टोपॅड मिडीने संगणकाला जोडला की पथकातल्या वादकाचा हात, त्याच्या जोरासकट आणि त्याच्या उशिरासकट, पियानो रोलवर उतरतो. कीबोर्डवर बोटांनी ठेका भरण्यापेक्षा ही रीत शतपटीने चांगली आहे, असं मला मनापासून वाटतं.

मिडीने काही हिरावूनही घेतलं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये आणि महालक्ष्मीच्या फेमसमध्ये पूर्वी वादकांचे ताफे एकत्र बसून वाजवत. त्यात गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर मोठ्या संख्येने होते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलं मानाचं नाव. १९९० च्या दशकात प्रोग्रॅमर आणि त्याचा संगणक तीस-चाळीस जणांचं काम करू लागला आणि वादकांची रोजची बोलावणी आटली. ते ताफे पुन्हा भरले नाहीत. मोठ्या वाद्यवृंदाची ओढ मात्र टिकून आहे. २०१६ साली ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवुडच्या स्टुडिओत जिवंत सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० मान्य झालं. आघाताच्या १२८ पायऱ्यांऐवजी आता ६५,५३६ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक सूर स्वतंत्रपणे वाकवता येतो, वेगळा चॅनल लागत नाही. सरोद किंवा सारंगीची सुरावट लिहिणाऱ्यासाठी ही मोठी मोकळीक आहे, आणि नवी वाद्यं व सॉफ्टवेअर ती हळूहळू आत्मसात करत आहेत. जुनी भाषाही तशीच चालू ठेवली आहे. १९८३ सालचं प्रोफेट-६०० एका लहान इंटरफेसमधून आजच्या लॅपटॉपला जोडता येतं, आणि त्यावर दाबलेली मधली पांढरी एक पडद्यावर ६० म्हणूनच उमटते.