ऑप-अ‍ॅम्प मंडलातील ऋण पुनर्भरणाचे कार्य

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळांत ७४१ हा ऑप-अ‍ॅम्प विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या या आयसीचा पुनर्भरणाविना गेन साधारणतः २,००,००० असतो. परंतु तो प्रत्येक आयसीनुसार व तापमानानुसार बदलतो. असे असूनही एक आयसी काढून दुसरी बसविली तरी प्रयोगाचे उत्तर जवळजवळ तेच येते. याचे कारण ऋण पुनर्भरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक, हे होय.

हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या या तत्त्वानुसार प्रदानाचा काही अंश आदानाच्या विरोधात परत दिला जातो. प्रदान प्रमाणाबाहेर वाढू लागताच दोन्ही आदान टोकांमधील फरक घटतो व ती वाढ आवरली जाते. नॉन-इन्व्हर्टिंग मंडलात ९ व १ किलोओहमच्या रोधकांद्वारे प्रदानाचा एक दशांश भाग परत दिल्यास गेन ९.९९९५ मिळतो. मूळ गेन निम्मा, म्हणजे १,००,००० झाला, तरी तो ९.९९९० राहतो.

तात्पर्य, मोठ्या गेनचा त्याग करून स्थैर्य प्राप्त होते आणि अचूकतेची जबाबदारी आयसीकडून रोधकांकडे जाते. म्हणूनच पाच टक्के टॉलरन्सचे रोधक वापरून उत्तरातील फरकाचा दोष आयसीला देणे उचित ठरत नाही.