ऑप्टिमस प्राइमचं मरण कोणी ठरवलं?

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या कार्टून मालिकेच्या चाहत्यांचा हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीवरचा राग मला रास्त वाटतो, मात्र तो खेळणी विकण्यावर नसावा. १९८४ची ही मालिका मुळात जपानच्या ताकारा कंपनीचे रोबो अमेरिकेत खपावेत म्हणूनच निघाली. दुखणं आहे ते १९८६च्या चित्रपटात. नव्या खेळण्यांना जागा हवी म्हणून त्यात चांगल्या रोबोंचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम याला मारलं गेलं. कंपनीच्या लेखी तो जुना माल होता, मुलांच्या लेखी नायक!

‘कंपनी नसती तर मालिकाच नसती’ हा आक्षेप खरा आहे. पण मुलांचा जीव जडला तो लेखकांनी दिलेल्या स्वभावावर आणि पीटर कलनच्या आवाजावर. असं पात्र कॅटलॉग बघून मारणं म्हणजे कथेशी बेइमानी. मुलं इतकी हळहळली की १९८७मध्ये प्राइमला परत आणावं लागलं आणि हॅस्ब्रोच्याच ‘जी. आय. जो’ मालिकेच्या चित्रपटात ड्यूक या नायकाचा मृत्यू संवाद बदलून कोमावर निभावून नेला गेला.