आतड्याचं दुखणं आणि चारचौघांतला संकोच

आमच्या दारव्ह्याकडे पोटाच्या दुखण्याला मोजकीच नावं आहेत. मुरडा, आव, मोडशी आणि रक्त दिसलं की मूळव्याध. या नावांत न मावणारं एक दुखणं गेली अठरा वर्षं माझ्या सोबतीला आहे. डॉक्टर त्याला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणतात. कवितेत बसणारा शब्द नाही. पण आमच्या घरात लहानथोरांना तो पाठ आहे.

आपल्या शरीरात राखण करणारी एक यंत्रणा असते. बाहेरून आलेल्या जंतूंना तिनं हुसकावायचं. पण गावच्या जागल्यानं घरधन्यालाच चोर समजून बडवावं, तसं इथं होतं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त आणि शेम पडते. दिवसातून दहा-बारा वेळा परसाकडे पळावं लागतं, रात्रीची झोप मोडते. याचाच भाऊ ‘क्रोन्स’. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचं वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, मध्ये जागा सोडून सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल शिरतो. दोन्ही दुखणी संसर्गजन्य नाहीत. एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाहीत. तिखट खाल्ल्यानंही होत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे आधी सारा दोष ठेच्यावरच येतो.

मला पहिली दोन वर्षं आवेच्या गोळ्या मिळत राहिल्या. शेवटी दुर्बिणीनं आतडं पाहिलं, आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं. आपल्या देशात एक अडचण जास्तीची. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून जुळ्या भावांसारखे दिसतात. क्षयरोग समजून क्रोन्सला क्षयाची औषधं दिली, तर महिने वाया जातात. उलट क्षयाच्या रोग्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर क्षय भडकतो. त्यामुळे डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासण्या सांगतात तेव्हा तो पैसे काढण्याचा धंदाच आहे, असं लगेच समजू नये.

औषधांची गोष्ट जरा सावकाश सांगतो. कोलायटिस सौम्य असेल तर मेसालामिन. दुखणं आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला असेल, तर याच औषधाची गुदद्वारातून ठेवायची वडी किंवा बस्ती पोटातल्या गोळीपेक्षा चांगलं काम करते. नेमकी हीच लोकांना नको असते. ‘गोळी द्या, ते नको’ म्हणतात. स्टेरॉइड आग लवकर विझवतं. पण ते अग्निशामक बंब आहे, घरातला माठ नव्हे. वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि मनानं एकदम बंदही करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं. ॲझाथायोप्रिनला गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर डोळा ठेवावा लागतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं १९९८ नंतर आली. गुणकारी, पण आपल्या खिशाला जड. ती सुरू करण्याआधी छातीत लपलेला क्षय आहे का, हे पाहिलंच पाहिजे. औषधं हरली तर शस्त्रक्रिया.

बरं वाटलं की औषध सोडणं, हा आपला राष्ट्रीय छंद. हे दुखणं मुळासकट जात नाही, ते निजतं. औषध त्याला निजवून ठेवतं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनाही हेच दुखणं होतं. २००७ साली प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडलं, नव्या औषधानं सावरले, २०१२ मध्ये परत आले आणि त्या देशात सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले. २०२० मध्ये दुखणं उलटलं तेव्हा पुन्हा पायउतार झाले, तेही जाहीरपणे कारण सांगून. पंतप्रधानाला सांगता येतं. आमच्या मोहल्ल्यात जावयाला सांगता येत नाही.

एस.टी.नं नागपूरला जाताना यवतमाळ, कळंब, वर्धा या स्टँडांवरच्या मुताऱ्या-संडासांचा मी जाणकार झालो आहे. कविसंमेलनात कडेची खुर्ची मागतो. लोकांना वाटतं, कवी लाजाळू आहे. रमजानमध्ये रोजे ठेवावेत का, हे डॉक्टरांना विचारतो. आजाऱ्याला धर्मानं सवलत दिलेलीच आहे. दुखणं उसळलेलं असतं तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, केळं. निवळलं की ज्वारीची भाकर परत ताटात येते. सगळंच सोडून देणारे अशक्तपणानं आडवे होतात. अंगदुखीची गोळी मात्र दुकानातून परस्पर आणत नाही. त्यातल्या कित्येक आतड्याला डिवचतात.

सर्वांत जास्त काळजी मुलींची वाटते. हे दुखणं बहुधा तरुण वयात सुरू होतं आणि लग्न मोडेल म्हणून घरचे झाकून ठेवतात. सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकतात. दुखणं शांत असताना दिवस राहिले, तर बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात. बरीचशी औषधं तेव्हाही चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्झेट मात्र दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी थांबवावं लागतं. म्हणून लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलावं, आणि जमलं तर नवऱ्या मुलालाही सोबत न्यावं.

दुखण्याला आठ वर्षं झाली की अधूनमधून दुर्बिणीची तपासणी लागते, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी प्यावं लागतं. नागपूरच्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय, खोली संडासाजवळची द्या.