गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचे बळ आणि आपली चाल

चुडावा आणि परिसरातील गावांत गुडघेदुखी ही काही नवी व्याधी नाही. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी ही सारी कामे वाकून किंवा उकिडवे बसूनच करावी लागतात. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा झिजते, हाडावर हाड घासते आणि पाय बाहेरच्या बाजूस वाकतो. पूर्वी अशा माणसाने खाट धरली की विषय संपत असे. आता सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सर्वांच्या ऐकिवात आहे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा घराघरांत तिची चर्चा झाली. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तरीही सामान्य कुटुंबाला हा खर्च जडच जातो. म्हणूनच तो वाया जाऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

शस्त्रक्रियेने सांधा बदलतो, स्नायू बदलत नाही. एवढी एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घेतली तर निम्मे काम झाले, असे आम्हांस वाटते.

मांडीच्या पुढच्या बाजूस चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. डॉक्टर त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. तो गुडघ्याच्या वाटीला धरून नडगीच्या हाडापर्यंत जातो आणि पाय सरळ करतो. उठणे, जिना चढणे, चालताना तोल सावरणे हे सारे त्याच्या जोरावर चालते. शस्त्रक्रियेनंतर एक महिन्याने या स्नायूचे बळ पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी भरते, असे मोजमापांत आढळून आलेले आहे. एका महिन्यात स्नायू इतका वाळतो काय? थोडा वाळतो, पण मुख्य कारण निराळे आहे. सांध्याला सूज असली, दुखापत असली की तेथून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था या स्नायूला पुरती आज्ञाच देत नाही. स्नायू असतो, पण झोपलेला असतो. रुग्ण म्हणतो, "पाय माझा ऐकत नाही." ते अक्षरशः खरे असते, आळस नसतो.

आता चालीकडे वळू. टाच जमिनीला टेकून अंगाचा भार पायावर येतो, तेव्हा निरोगी गुडघा पंधरा ते वीस अंश वाकतो आणि धक्का सोसतो. उतारावर भरलेली बैलगाडी सोडून देत नाहीत, आवरत आवरत खाली नेतात. तेच काम मांडीचा स्नायू येथे करतो. तो दुबळा असला की माणूस त्या वाकण्याला भितो आणि गुडघा काठीसारखा ताठ ठेवून पाऊल टाकतो. पुढे पाय उचलून नेताना गुडघा सुमारे साठ अंश वाकावा लागतो. तो वाकला नाही तर पाऊल घासते, म्हणून कंबर उचलून किंवा पाय बाहेरून फिरवून चालावे लागते. यात दुसऱ्या पायावर जास्त भार पडतो आणि बहुधा तोही गुडघा आधीच झिजलेला असतो. वेदना गेल्यावरही ही लंगडी चाल सवयीने टिकून राहते, ती आपोआप सुटत नाही.

आमच्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला "आता पडून राहा, आम्ही आहोत ना" असे प्रेमाने सांगतात. या प्रेमाने नुकसान होते. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम घरी आल्यावरही चालू राहिले पाहिजेत. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणावर दाबणे व पाच आकडे मोजेपर्यंत मांडी आवळणे. सरळ पाय वीतभर उचलणे. टाच सरकवत गुडघा वाकविणे. पुढे उंच खुर्चीवरून दोन्ही पायांवर सारखा भार देत उठणे. किती वेळा, हे डॉक्टरांनी सांगावे. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याचा मोह मात्र टाळावा. तिने गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग सरळ होत नाही. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला किंवा धाप लागली तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. रेल्वेच्या डब्याची उंच पायरी चढतानाही हेच, आणि सोबतीला माणूस हवाच. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. काठीची लाज वाटणाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा प्रसंग आठवावा. पायांच्या दुखण्याने जर्जर झालेले बाबासाहेब काठीच्या आधाराने उभे होते, आणि त्याच दिवशी त्यांनी लाखोंना दीक्षा दिली.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितलेले आहेत: प्रवास सोसण्याची शक्ती, उद्योगाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. डॉक्टरांनी चालण्यास मुभा दिल्यावर टाच कधी टेकली, गुडघा वाकला की नाही, याकडे लक्ष देत विहाराच्या अंगणात सावकाश फेऱ्या मारणे ही चाल सुधारण्याची उत्तम रीत आहे, असे आमचे मत आहे. वंदनेसाठी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसण्याचा हट्ट मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. खुर्चीवर बसून हात जोडले तरी वंदना होतेच. वर्षावासात ग्रंथवाचनाला ज्येष्ठ उपासक-उपासिका बऱ्याच संख्येने येतात. त्यांच्यासाठी विहारात भिंतीलगत हाताच्या चार-पाच खुर्च्या कायम ठेवाव्यात. त्या फार बुटक्या नसाव्यात, कारण खालून उठताना दुबळ्या मांडीवर सर्वांत जास्त ताण येतो.