मुलाच्या मालकीची कुंडी

घरच्या बागेत मुलांचे मन रमणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यातच ठरून जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दोन आठवडे म्हणजे फार मोठा काळ. नर्सरीतून हौसेने आणलेले आंब्याचे कलम तेवढ्या दिवसांत फारसे काही दाखवत नाही. मूल दोन-चार दिवस पाणी घालते, काहीच घडेना म्हटल्यावर खेळायला निघून जाते, आणि घरातली मोठी माणसे ‘याला बागेची आवडच नाही’ म्हणून मोकळी होतात. खरे तर झाडाची निवड चुकलेली असते. मुलांचे पहिले पीक त्यांच्या धीराला पुरेल इतके लवकर हाती येणारे असावे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची : ते पीक मुलाचे स्वतःचे असावे, आईबाबांच्या बागेतली सोपवलेली कामगिरी नसावी.

मुलाच्या स्वतंत्र वाफ्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या आखणीत खरोखरीची बाग होती. काही वाफे सर्वांनी मिळून सांभाळायचे, आणि त्याशिवाय प्रत्येक मुलाला एक छोटा वाफा. त्यात काय लावायचे आणि कसे, हे त्याने ठरवायचे. सामाईक वाफ्यात मूल इतरांबरोबर काम करायला शिकते आणि स्वतःच्या वाफ्यात त्याला चुकण्याची मुभा मिळते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात पाने, बिया, खडे असे परिसरातलेच साहित्य वापरले जाई, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात भरे. शिकण्यासाठी लागणारे बरेचसे साहित्य मुलाच्या आसपासच असते, हा विश्वास त्यामागे होता. बागेइतका तो क्वचितच कुठे खरा ठरतो.

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाफा म्हणजे एक कुंडी. आठ-दहा इंच व्यासाची, तळाला भोक असलेली कुंडी मुलाला द्यावी आणि तिच्यावर त्याला स्वतः नाव घालू द्यावे. भोकावर खापराचा तुकडा, वर माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि थोडे कोकोपीट, हे मिश्रण मुलानेच हातांनी कालवावे. वर्तमानपत्र अंथरले की फरशीची काळजी मिटते. उन्हाचा हिशेब मात्र मोठ्यांनी आधी करावा. पालेभाज्यांना रोज तीन-चार तास ऊन मिळाले तरी भागते, भेंडी-टोमॅटोला सहा तास तरी हवे. गॅलरीत ऊनच येत नसेल, तर मुलाने कितीही मनापासून सांभाळलेल्या टोमॅटोला फळ धरणार नाही, आणि त्याचा दोष मूल स्वतःकडे घेईल. एकदा कुंडी दिली की न विचारता तिला पाणी घालायचे नाही, वाकडे रोप सरळ करायचे नाही आणि दाट झालेली रोपे परस्पर उपटायची नाहीत. मोठ्यांना यातले हेच सर्वांत जड जाते.

पहिल्या पिकासाठी मेथीसारखे दुसरे काही नाही. बी विकत आणावे लागत नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे चालतात. रात्री भिजवलेले दाणे सकाळी टम्म फुगलेले असतात. पसरट कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या आइस्क्रीमच्या डब्यात ते दाटीने पसरावेत आणि वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात आणि मान वाकवलेली रोपे ती उचलून वर येतात. काही रोपांच्या टोकाला बियांचे साल अडकलेले असते. मुलांचा हात ते ओढायला शिवशिवतो, पण ओढले तर आतली पाने फाटतात. पाणी शिंपडले की साल आपोआप सुटते. आधी दिसणारी जाडसर, लांबट दोन पाने म्हणजे बियांतलीच दले. त्यानंतर एकच गोल पान येते, आणि मग मेथीची ओळखीची त्रिदळे. मुंबईच्या बाजारात मुळांसकट मिळणाऱ्या, वाळूत वाढवलेल्या समुद्रमेथीच्या छोट्या जुड्या साधारण याच वयाच्या असतात. म्हणजे पंधरवड्याच्या आत पीक ताटात येऊ शकते. मोठी मेथी हवी असेल तर पंचवीस-तीस दिवस थांबावे.

कोथिंबीर दुसऱ्या खेपेला लावावी, कारण तिला उगवायलाच आठ ते पंधरा दिवस लागतात. एका धन्यात दोन बिया असतात. पेरण्यापूर्वी धने हलके रगडून दोन फाकी करायचे काम मुले आवडीने करतात.

बी मातीखाली काय करते, हे पाहायची उत्सुकता प्रत्येक मुलाला असते आणि ती उकरून पाहण्यात संपते. त्यावर सोपा उपाय आहे. काचेच्या ग्लासात कडेने ओला टिपकागद बसवावा आणि कागद व काच यांच्यामध्ये भिजवलेले पावटे अडकवावेत. दोन-तीन दिवसांत मूळ बाहेर पडून खाली जाऊ लागते. मग ग्लास आडवा करून ठेवावा. एक-दोन दिवसांत मुळाचे टोक वळून पुन्हा खालची दिशा धरते आणि कोंब वरची. गुरुत्वाकर्षण वनस्पतीलाही कळते, हे पुस्तकातल्या धड्याआधी डोळ्यांनी पाहिलेले चांगले.

उजेडाचा धडा तर नवरात्रात घरोघरी मांडलेला असतो. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य देव्हाऱ्याजवळच्या अंधुक उजेडात भराभर उंच होते, पण ते पिवळसर आणि लेचेपेचे राहते. तेच गहू त्याच दिवशी एका वाटीत पेरून गॅलरीत ठेवले, तर तिथली रोपे बुटकी, जाड आणि हिरवीगार होतात. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही आणि रोप आपली सगळी शिदोरी उजेडाच्या शोधात खोड लांबवण्यावर खर्च करते. दसऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून मुलालाच विचारावे, की फरक कशाने पडला.

थोडा धीर आला की पावसाळ्याच्या तोंडावर भुईमूग लावावा. कुंडीत लावण्याजोग्या पिकांत मुलांना इतके चकित करणारे पीक विरळा. शेंगा फोडून काढलेले कच्चे दाणे, लाल पापुद्र्यासकट, रुंद आणि निदान फूटभर खोल कुंडीत दोन-तीन पेरावेत. खारे किंवा भाजलेले दाणे का उगवत नाहीत असे मुलाने विचारलेच, तर तेही एका कोपऱ्यात पेरून त्याला पाहू द्यावे. महिन्याभराने पिवळी फुले येतात. फूल कोमेजले, की त्याच्या बुडापासून एक टोकदार देठ निघून खाली मातीकडे वाढू लागतो. शेतकरी त्याला आरी म्हणतात. आऱ्या मातीत शिरतात आणि शेंग तिथे, अंधारात धरते. माती घट्ट असेल तर आऱ्या आत शिरू शकत नाहीत. म्हणून फुले दिसू लागली की झाडाभोवती माती भुसभुशीत करून भर घालायची. साडेतीन-चार महिन्यांनी झाड उपटण्याचा दिवस घरात सणासारखा साजरा करावा. मुळांवर बारीक गाठी दिसतात. हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देणारे जिवाणू त्यांत राहतात. रसरशीत झाडाची गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते.

कुंडीत झाड आले की किडेही येतात, आणि मुलांचे कुतूहल या टप्प्यावर एक तर दुणावते किंवा मोठ्यांच्या किंकाळीने विझते. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर एखादे दिवशी पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. ती फुलपाखराची अळी असते; त्या रंगरूपामुळे पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत. पुढे ती हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. ती पाने फस्त करते हे खरे, पण एक फांदी तिच्यासाठी सोडली तर साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास घरबसल्या पाहायला मिळतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. एका फांदीच्या बदल्यात हा सौदा फार स्वस्त आहे. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर गोष्ट वेगळी. तो पाण्याच्या फवाऱ्याने किंवा ओल्या कापडाने पुसून काढावा, वाढला तर निंबोळी अर्क फवारावा. मुलांच्या हातातल्या कुंडीवर रासायनिक कीटकनाशक नको.

मुलांच्या हातून झाडे मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. पाणी घालणे हाच त्यांचा लाड असतो. म्हणून झारीच्या आधी बोट वापरायला शिकवावे : दोन पेरांपर्यंत बोट मातीत खुपसायचे, आत ओल लागली तर पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून कोरडी करायची, हेही त्याच कामात येते. डेंग्यू पसरवणारा डास अशाच पाण्यात अंडी घालतो, आणि वळवळणाऱ्या अळ्या एकदा पाहिल्या की मूल हे काम विसरत नाही. आणखी काही खबरदारी मोठ्यांनीच घ्यायची. गुलाबी-निळ्या रंगाचे पाकीटबंद बी औषध लावलेले असते, ते लहान मुलांच्या हाती देऊ नये. कण्हेर, धोतरा आणि शोभेसाठी ठेवलेले डिफेनबॅकिया विषारी आहेत. मातीत काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

एवढे करूनही झाड मरू शकते. अशा वेळी मूल शाळेत गेलेले पाहून तसेच दुसरे रोप आणून लावण्याचा मोह अनेक पालकांना होतो. त्यामागची माया कळते, पण मुलाची मोठी संधी त्यात जाते. मेलेले रोप मुलाबरोबर मातीसकट उपसून पाहावे. मुळे पांढरी आणि टणक असतील तर दुखणे दुसरीकडे होते. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची असतील तर पाणी जास्त झाले. कारण सापडले की पुढचे रोप लावायची घाई मुलालाच होते. यासाठी नोंदवही उपयोगी पडते, मात्र ती गृहपाठ होता कामा नये. लिहायचा कंटाळा असलेल्या मुलाने दर रविवारी रोपाच्या उंचीएवढा लोकरीचा धागा कापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवला, तरी वाढीचा आलेख आपोआप तयार होतो.

ऋतू सांभाळला तर निम्मे काम सोपे होते. पावसाळ्यात भेंडी, गवार आणि झेंडू. जुलैत पेरलेला झेंडू दसऱ्याच्या तोरणापर्यंत फुलतो. थंडीत मुळा, पालक, मटार. मे महिन्यात घर बंद करून गावी जायचे असेल, तर कुंड्या सावलीत एकत्र ठेवाव्यात. उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या बादलीतून सुती चिंध्यांची टोके प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचली, की पाणी चिंधीवाटे झिरपत राहते आणि काही दिवस निभावते.

पीक कितीही कमी आले तरी ते मुलाचे म्हणून वेगळे शिजावे. मूठभर मेथी दोन थालीपिठांना पुरते, एकुलती एक भेंडी तव्यावर परतता येते. एरवी भाजी बाजूला सारणारी मुले स्वतः लावलेली भाजी निदान चाखून पाहतात.

शेवटचे पीक काढताना एक झाड बियांसाठी राखावे. झेंडूचे फूल झाडावरच वाळू दिले की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, सडपातळ बिया मिळतात. भेंडीची शेंग झाडावर वाळून खुळखुळू लागली की काढावी. टोमॅटोच्या बिया गरासकट दोन-तीन दिवस वाटीत ठेवून धुतल्या की त्यांच्यावरचा बुळबुळीत थर निघून जातो. संकरित वाणाच्या बियांपासून आलेली झाडे आईबापांसारखी निघतीलच असे नाही, हे मुलाला आधीच सांगावे. सावलीत वाळवलेले बी कागदी पाकिटात, नाव आणि तारीख घालून ठेवावे. पुढच्या हंगामाआधी त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. सात उगवले तर उगवण सत्तर टक्के; तीन-चारच उगवले तर पेरताना बी दुप्पट टाकावे लागेल.