रिपोर्टातली दोन जोडलेली नावे

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी लहानपणी तिथेच तयार होतात. वयात आल्यावर ती आकसते आणि तिची आठवणही कोणाला राहत नाही. क्वचित कोणाला तिथे गाठ होते. संध्याकाळी पापण्या जड होऊन मिटणे, एकाचे दोन दिसणे, घास गिळताना अडकणे, हा मायस्थेनिया नावाचा आजार अशा काही गाठींबरोबर येतो. डोळ्याच्या तक्रारीला डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन सांगतात, तो याचसाठी. तो टाळू नका.

गाठीचा तुकडा तपासल्यावर रिपोर्टात कधी दोन जनुकांची नावे जोडून येतात. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यांना धागे समजू. एखाद्या पेशीत धागा तुटतो आणि भलत्याच टोकाला सांधला जातो. मग दोन अर्ध्या जनुकांचे एक नवेच जनुक बनते आणि पेशीला वाढतच राहण्याचा हुकूम देते.

कोणती नावे जोडली गेली, यावर बरेच अवलंबून असते. वायएपी१ आणि एमएएमएल२ ही जोडी थायमसच्या एका संथ गाठीत सापडते. ती गाठ पूर्ण काढली की माणूस बहुधा बरा होतो. १५ व्या आणि १९ व्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन बीआरडी४ आणि नटएम१ जोडले गेले, तर तो नट कार्सिनोमा. तो फार झपाट्याने पसरतो, तरुणांना, लहान मुलांनाही होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो साध्या कर्करोगासारखाच दिसतो, म्हणून चुकतो. नट प्रथिनाचा खास रंग लावला की ओळखू येतो. ती तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारायला आम्ही तरी संकोच करणार नाही.

वस्तीत लगेच कुजबुज सुरू होते: जनुकाचा आजार म्हणजे घराण्यात आहे, आता मुलीचे लग्न कसे जमणार? हा समज चुकीचा आहे. ही जोड आईबापांकडून आलेली नसते. ती फक्त गाठीच्या पेशीत असते. मुलांना जात नाही, शेजाऱ्याला लागत नाही. नट कार्सिनोमाचा तंबाखूशीही संबंध आढळलेला नाही, तेव्हा रुग्णाला बोल लावू नये.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर कागदाइतकाच तुकड्याचा ब्लॉक महत्त्वाचा. तो लॅबमधून मागून घ्या, नंबर लिहून ठेवा. आणि पत्र्याखाली उन्हात ठेवू नका, तो मेणाचा असतो.