निमूट बसलेलें पिलूं

मांजरी आपल्या पिलांना सात घरें दाखविते म्हणतात. एका वैशाखांत तिच्या या यात्रेंतील एक मुक्काम आमच्या वर्ध्याच्या घरच्या माळ्यावर पडला, आणि एके दुपारीं तेथून दोन पिलें एकदमच खालीं आलीं. एकानें लंगडत, आक्रोश करीत सारें घर डोक्यावर घेतलें. दुसरें उठलें, कोठीआड गेलें व निमूट बसून राहिलें. लहानथोर सगळे लंगड्याच्या शुश्रूषेस लागले. दुसऱ्याविषयीं 'तें शहाणें आहे, बसूं द्या' असा निर्वाळा वडील मंडळींनीं दिला, व आम्हींही मान डोलाविली. पहांटे तें शहाणें पिलूं थंड पडलेलें सांपडलें. लंगडें चार दिवसांत दाराच्या पडद्यावर चढूं लागलें.

मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें, हा धाक आपण सर्वांनींच लहानपणीं ऐकलेला. हयगयीनें मेलेल्या मांजराचें प्रायश्चित्त काय, हें मात्र आम्हीं कोणास विचारलें नाहीं.

मांजराची जात दुखणें लपविणारी. लहान प्राण्यानें दुबळेपणा दाखविला कीं तो दुसऱ्याचें भक्ष्य होतो, म्हणून कण्हण्यापेक्षां कोपरा धरणें हाच त्याचा स्वभाव. तेव्हां ओरडण्यावरून दुखण्याचें माप काढूं नये. प्रथम श्वास पाहावा. मांजर कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकीत नाहीं. पिलूं तोंड उघडून श्वास घेऊं लागलें, किंवा श्वासागणिक त्याचें पोट जोरानें खालींवर होऊं लागलें, तर घटकाभरही थांबूं नये. 'ऊन फार आहे' अशी समजूत तर मुळींच करून घेऊं नये, कारण आमच्याकडील ४५ अंशांचें ऊनही पिलाचा जीव घेऊं शकतें. मग ओठ उचलून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्यास आंत रक्तस्राव होत असण्याचा, व निळसर दिसल्यास प्राणवायु कमी पडत असण्याचा संभव असतो. आमच्या पिलाच्या हिरड्या कोणीं पाहिल्याच नाहींत. निरोगी मांजराचें अंग आपल्याहून ऊन, सुमारें १०१-१०२ अंश फॅरनहाइट असतें. तेव्हां हातास गार लागणारें पिलूं विसावलेलें नव्हे. त्यास दूध पाजूं नये. फडक्यांत गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी व निघावें. लहान पिलानें दिवसभर तोंडांत कांहीं घेतलें नाहीं, किंवा वांति-जुलाब थांबत नसले, तरीही सकाळची वाट पाहूं नये.

आपल्या तापाच्या गोळीचा तुकडा मात्र चुकूनही देऊं नये. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरास पचवितां येत नाहीं. रक्त नासून तें मरतें.

न्यावें कोठें? आमचा जिल्हा गुरांचा. आर्वी-कारंजाकडील गवळाऊ जात प्रसिद्ध. जमनालालजी बजाजांनीं आयुष्याचे अखेरचे महिने, १९४१-४२ मध्यें, गोपुरींत गोसेवेस वाहिले. अशा ठिकाणीं गुरांच्या दवाखान्यांत बैलांच्या रांगेंत पिशवींतलें पिलूं घेऊन उभें राहावयास माणूस ओशाळतो. त्या संध्याकाळीं आम्हीही ओशाळलों, हें कबूल केलें पाहिजे. वास्तविक पशुवैद्य मांजरही शिकूनच आलेला असतो. अवघड दुखण्यास सुमारें ऐंशी किलोमीटरांवर नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नेतांना पिलूं झांकणाच्या टोपलींत, जाड फडक्यावर, आडवें ठेवून न्यावें. दुखावलेलें पिलूं ओळखीच्या हातासही चावतें. चावल्यास जखम पंधरा मिनिटें साबणाच्या वाहत्या पाण्यानें धुवावी, आणि पिसाळीच्या लसीकरितां त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्याची वाट धरावी.